माटोळीचं ओझं

तलाठी नऊला येणार होते आणि वाळपईहून काकींच्या वाड्याकडे जाणारी दुसरी बस साडेनऊच्या आत काही पोचत नाही, म्हणून मी पहिलीच बस धरली. सात वाजायच्या आत तिठ्यावर उतरले. २०२३ चा फेब्रुवारी. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात तेव्हा सकाळी अजून थंडी असते, आणि नदीवरचं धुकं काजूच्या मोहोरापर्यंत चढलेलं असतं. आमची संस्था बेघरांना घरं बांधून देते. काकींचं घर पुरात गेलेलं, म्हणून याआधी चार वेळा मी त्या वाड्यावर आले होते, पण अकराच्या आधी कधीच नाही. दर वेळी काकी पुतण्याच्या सोप्यावर बसलेल्या असायच्या, आतून चहा यायचा, मी कागद काढायची.

त्या सकाळी पुढचं दार बंद होतं. मागून खोकल्याचा आवाज आला, म्हणून वळसा घालून गेले. मागे गोठा. दोन गायी, एक पाडा, आणि भिंतीकडेला चिरे मांडून त्यांवर टाकलेल्या फळ्या. फळ्यांवर सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या उसवून, शिवून केलेलं अंथरूण. काकी त्यावर बसून केस बांधत होत्या. शेजारी नातू पांघरूण डोक्यावर घेऊन झोपलेला. त्याचं दप्तर उंच खिळ्याला टांगलेलं, गायीचं तोंड पोचणार नाही एवढं उंच.

"बाय, एवढ्या लवकर?" त्या गडबडीने उठल्या. "तू पुढे सोप्यावर जाऊन बस. मी येते."

मी गेले नाही. खरं तर पाय हलले नाहीत. दीड वर्षापूर्वी याच काकींचा घरासाठीचा फॉर्म मी भरला होता. त्यात 'सध्याचा निवारा' असा रकाना आहे आणि त्यापुढे चार चौकटी: उघड्यावर, ताडपत्रीखाली, भाड्याने, नातेवाइकांकडे. सोप्यावर बसून, चहा पिऊन, मी चौथ्या चौकटीत खूण केली होती. आमच्याकडे त्या खुणेला सगळ्यांत कमी गुण मिळतात. माझ्या त्या एका खुणेने काकी यादीत खाली गेल्या आणि त्यांच्यामागून आलेल्या दोन कुटुंबांची घरं आधी उभी राहिली. ती कुटुंबंही गरजू होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मी एकदाही विचारलं नव्हतं की काकी, रात्री झोपता कुठे?

पुतण्याला दोष देण्यासारखं काही नाही. तीन खोल्या, सात माणसं, त्यात अंथरुणाला खिळलेला एक म्हातारा. गोठ्याला पत्रा होता, बल्ब होता, तो त्याने दिला. मला जास्त लागलं ते वेगळंच. गोठ्याच्या कुंपणापलीकडे एक मोठं घर आहे, चौसोपी, कौलं शाबूत. मालक मुंबईत. किल्ली पुतण्याकडे असते आणि रोज तिन्हीसांजेला काकीच तिथे जाऊन केर काढून देवापुढे दिवा लावतात. मग कुलूप घालून गोठ्यात येऊन झोपतात. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या दर पाच घरांमागे एकाहून जास्त रिकामं निघालं होतं, देशात सर्वाधिक प्रमाण. हा आकडा मी कितीतरी सभांमधून सांगितला आहे. त्या सकाळी तो कुंपणापलीकडे उभा होता.

त्याच जनगणनेने देशभरात पावणेअठरा लाख माणसं बेघर मोजली. रस्त्याकडेला, फलाटावर, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या मंडपात झोपणारी. काकींचं नाव पुतण्याच्या घराच्या खात्यात जाणार, त्यांना त्यात कोण धरणार? गोव्याच्या गावांत माणूस रस्त्यावर येत नाही, कारण गाव त्याला येऊ देत नाही. तो मागच्या दारी जातो. गोठ्यात, काजूच्या बोंडूंच्या खोपीत, बहिणीच्या न्हाणीशेजारच्या पडवीत. दिवसा तो चारचौघांत असतो, म्हणून दिवसा जाणाऱ्याला काही दिसत नाही.

काकींचं घर २३ जुलै २०२१ च्या पुरात गेलं. १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर म्हणून तो सगळ्यांना आठवतो. म्हादई, खांडेपार, वाळवंटी, सगळ्या एकदमच वर आल्या आणि सत्तरी, डिचोली, धारबांदोड्यात शेकडो घरं पडली. मातीच्या भिंतीचं एक असतं, ती पाणी चढताना क्वचित पडते. पायथ्याशी पाणी पिऊन फुगते, उभी राहते, आणि पाणी ओसरून ऊन पडलं की आधार गेल्यासारखी बसते. काकींची तशीच बसली. दुसऱ्या दिवशी त्या चिखल उपसायला आत होत्या. पेटी बाहेर ठेवायला गेल्या आणि मागे सगळं खाली आलं.

पेटीत घरपट्टीच्या पावत्या होत्या. त्यांचा लगदा झाला होता.

इथे अडतं सगळं. आमची संस्था लहान आहे, चिरे आणि गवंडी यांची व्यवस्था आम्ही कशीतरी करतो. पण जमिनीचा कागद नसेल तर देणगीदाराचा पैसा तिथे घालता येत नाही, आणि घातला तरी उद्या त्या घराला बेकायदा बांधकामाची नोटीस लागू शकते. जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. काकी मुंडकार. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणाऱ्याला बाहेर काढता येत नाही. गावात घराभोवतालची तीनशे चौरस मीटरपर्यंत जागा विकत घ्यायचाही त्याला हक्क आहे, शहरात दोनशे. पण मामलेदारांकडच्या नोंदवहीत नाव हवं. काकींच्या सासऱ्याने ते कधी घातलंच नाही. "भाटकार चांगला होता, कशाला कोर्टात जायचं?" हे वाक्य मी सत्तरीत, सांग्यात, काणकोणात इतक्या घरांत ऐकलं आहे की आता ते ऐकलं की पोटात गोळा येतो. चांगला भाटकार वारतो. मग एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या नोंदीवर, त्याच्या वारसांची नावं येतात, कारण पोर्तुगिजांच्या नागरी संहितेने सगळी मुलं, मुलीसुद्धा, वाटेकरी असतात. काकींच्या उताऱ्यावर अकरा नावं होती. त्यांतल्या एकाने लेखी हरकत घेतली होती: हे कुटुंब मुंडकार नव्हे, वडिलांनी काजूच्या राखणीला ठेवलेले राखणदार.

हा एकच शब्द, पण त्यावर सगळं अवलंबून. पगारावर ठेवलेला, भाटकाराच्याच आवारात राहणारा नोकर किंवा चौकीदार या कायद्याखाली मुंडकार ठरत नाही. हरकत घेणाऱ्याला, किंवा त्याच्या वकिलाला, हे बरोबर माहीत होतं. त्या दिवशीची पाहणी त्यासाठीच होती.

तलाठी सव्वानऊला आले. तरुण मुलगा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून थेट पडझडीत उतरला. दीड वर्षात तिथे रान माजलं होतं. मातीचा ढीग पावसाने सपाट झालेला, त्यावर घाणेरीची झुडपं. "घर होतं कुठे ते तरी दाखवा," तो म्हणाला, रागाने नाही, खरोखरच दिसत नव्हतं म्हणून.

काकींनी कोयता घेतला आणि झुडपं तोडायला सुरुवात केली. पुतण्या आला, शेजारची दोघं आली. अर्ध्या तासाने चिऱ्यांच्या जोत्याचा कोपरा उघडा पडला. मग त्या कोपऱ्यावरून काकी माप न घेता नुसत्या चालत सुटल्या. "ही पडवी. इथे चूल. इथे उखळ पुरलेलं, बघा." फावडं मारलं तर खरंच दगडाचं उखळ लागलं. "आणि हे देवाचं." पुढे तुळशीचं पेडं, अर्धं गाडलेलं. तलाठ्याने टेप धरला, मी दुसरं टोक धरलं. काकी ज्या जागी पावलं थांबवत होत्या तिथेच चिरा मिळत होता. चार-पाच ठिकाणी असं झाल्यावर तलाठी टेप गुंडाळून म्हणाला, "आता तुम्हीच सांगा, मी लिहितो."

घर होतं हे सिद्ध झालं. पण राखणदार की मुंडकार, हे उखळ कसं सांगणार?

अकरा वाजता तिठ्यावरून रिक्षा आली. त्यातून एक बाई उतरल्या, साठी ओलांडलेल्या, सुती नऊवारी नव्हे, साधी पाचवारी, हातात औषधांची पिशवी. अकरा वारसांपैकी एक, भाटकाराची थोरली मुलगी. आम्ही सगळ्यांना पत्रं पाठवली होती. तिघांचं उत्तर आलं, दोघांनी नाही म्हटलं, बाकीचे गप्प. ह्यांचं उत्तर आलं नव्हतं, त्या स्वतः आल्या होत्या.

काकी त्यांना पाहून उभ्याच राहिल्या. "भाटकारीण बाय," एवढंच म्हणाल्या.

त्या जोत्यावर बसल्या. कोणी खुर्ची आणायला धावला तर नको म्हणाल्या. मग तलाठ्याला म्हणाल्या, "ब्याऐंशीच्या पुरात मी इथे अडकले होते. बाबांबरोबर काजूचा हिशेब बघायला आले होते, बाबा पुढे गेले आणि नदी वर आली. हिच्या सासूने मला ह्याच घरात माळ्यावर चढवलं. दोन रात्री. खाली पाणी, वर आम्ही बायका आणि कोंबड्या. पेज शिजवायला चूल नव्हती, तर तिने भिजलेले तांदूळ गुळाबरोबर दिले."

तलाठी लिहीत होता. "त्याच्या आधीपासून राहत होते?"

"माझ्या जन्माच्या आधीपासून."

"पगार द्यायचात?"

हाच प्रश्न. मी श्वास रोखून होते, हे लिहिताना आजही तसंच होतं. बाईंना कायद्यातला फरक माहीत होता का, मला सांगता येत नाही. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पगार कसला? उलट हिची सासू दर चवथीला आमच्याकडे गणपतीवर टांगायच्या माटोळीचं ओझं घेऊन यायची. कांगले, कवंडळं, आंबाडे, सुपारीचं शिपटं. रानात फिरून जमवलेलं. डोक्यावर ओझं घेऊन तिठ्यापर्यंत चालत, मग बसने. आई तिला पाटावर बसवून जेवायला वाढायची. बाबा सगळ्यांना सांगायचे, ही आमच्या मुंडकाराची बायको. राखणदाराला कोण पाटावर बसवतं?"

तलाठ्याने शब्दशः लिहिलं. वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून, पुसून, परत घालून सही केली. काकींनी अंगठा दिला नाही, सही केली, नातवाने शिकवलेली. मग पेज झाली, सगळ्यांनाच, पुतण्याच्या सोप्यावर. भाटकारीण बाई आणि काकी भिंतीला टेकून शेजारी बसल्या होत्या आणि त्यांच्यात कुठल्याशा मेलेल्या म्हशीची गोष्ट चालली होती.

एवढ्याने भागलं नाही. मामलेदारांपुढे तारखा पडत राहिल्या, हरकत घेणाऱ्याचा वकील तीनदा आला नाही. नोंदणीचा आदेश हातात पडायला २०२४ चा जानेवारी उजाडला. तोपर्यंत आणखी एक पावसाळा त्या गोठ्यात गेला. संस्थेने मधल्या काळासाठी पडवीला पत्रा आणि विटांची आडभिंत घालून दिली, ती मी भांडून घेतली. त्याचा मला आनंद नाही, ते दीड वर्ष आधी व्हायला हवं होतं.

घर फेब्रुवारी ते मे बांधलं. एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणी, पुढे सोपा. जोतं किती उंच घ्यायचं यावर घर बांधणाऱ्या मेस्तांशी माझा वाद झाला. शेवटी काकींनी फणसाच्या बुंध्यावर हात ठेवून पुराचं पाणी कुठवर होतं ते दाखवलं आणि आम्ही त्याच्या वर चिऱ्याचे दोन थर घेतले. चिऱ्यांच्या सांध्यांत सिमेंटच, मातीचा गारा कुठेच नाही, कारण चिरा पाण्यात टिकतो पण दोन चिऱ्यांमधली माती धुऊन निघते.

घर मिळणाऱ्याने अंगमेहनत द्यायची, ही पद्धत हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीने रूढ केली. १९७६ ला अमेरिकेत सुरू झालेली ही संस्था १९८३ पासून भारतात काम करते, आणि आमच्यासारख्या लहान संस्थांनीही तोच नियम घेतला आहे. काकींच्या वयाला चिरे उचलणं शक्य नव्हतं. त्यांनी भिंतींना पाणी मारायचं काम मागून घेतलं. एप्रिलच्या उन्हात दिवसातून तीनदा, विहिरीवरून कळशीने. मी वहीत तास लिहायची. त्यांना ते पटायचं नाही. "भिंतीला पाणी घालते ते लिहून ठेवतेस, आणि त्या बंद घरात दिवा लावते ते नाही?" त्यांनी विचारलं होतं. मी तेही लिहिलं. हिशेबनिसाने कारण विचारलं, मी कारण सांगितलं, त्याने ठेवलं.

छप्पर लोखंडी पाइपच्या कैच्यांवर मंगळुरी कौलं. शेवटच्या आठवड्यात काकी मेस्तांना म्हणाल्या, माटोळी कुठे बांधणार? आमच्या नकाशात माटोळी नव्हती. गोव्यातल्या हिंदू घराचा नकाशा काढताना मला ती सुचली नाही, हे लिहून ठेवते. मेस्तांनी देवाच्या भिंतीसमोर चार कड्या वेल्डिंग करून दिल्या, सुपारीच्या घडांचं वजन धरून, जाड सळीच्या. ७ सप्टेंबरला चवथ होती. माटोळीचं सामान काकींनी आणि नातवाने रानातूनच आणलं. एक ओझं वेगळं बांधून ठेवलं होतं, ते नातू बसने भाटकारीण बाईंकडे देऊन आला.

त्या फेब्रुवारीनंतर मी जुनी फाइल काढली. चौथ्या चौकटीत खूण असलेले सात फॉर्म माझ्या अक्षरात निघाले. सातही घरी मी पहिल्या बसने गेले. तीन ठिकाणी माणसं खरोखर घरात झोपली होती, दोन ठिकाणी नव्हती. दोन कुटुंबं तिथून गेली होती, कुठे ते शेजाऱ्यांना सांगता आलं नाही. त्यांतलं एक मी अजून शोधते आहे.

आणि काकींची जागा अजून विकत घ्यायची राहिली आहे. तीनशे चौरस मीटरचा अर्ज मामलेदारांकडे पडून आहे. पुढच्या तारखेला भाटकारीण बाई येणार म्हणाल्या आहेत, गुडघे साथ देतील तर. त्यांना आणायला रिक्षा मी सांगून ठेवली आहे.