आठव्या चित्रातलं नाणं

मी लंडनमध्ये कागद संवर्धनाचं काम करते. जुने नकाशे, पत्रं, छापचित्रं, कागदावरचं जे काही खराब झालंय ते आमच्या टेबलावर येतं. लोकांना वाटतं आम्ही डाग काढतो, पण निम्मा वेळ आधी कुणीतरी केलेली "दुरुस्ती" काढण्यातच जातो. सेलोटेप लावणाऱ्या माणसांबद्दल मी बोलायला लागले तर थांबणार नाही, म्हणून ते राहू दे.

मागच्या हिवाळ्यात एक रिटायर्ड गृहस्थ विल्यम होगार्थ या अठराव्या शतकातल्या इंग्रज चित्रकाराच्या 'अ रेक्स प्रोग्रेस'ची, म्हणजे 'उधळ्याची वाटचाल'ची, आठही प्रिंट्स घेऊन आले. आजोबांपासून घरात असलेला सेट, कागद पिवळा पडलेला, आणि स्वस्त माउंटबोर्डमुळे चित्राभोवती चारी बाजूंनी तपकिरी पट्टा उमटलेला. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आठही एकसारखी दिसायला हवीत.

होगार्थ (1697–1764) माझा अतिशय लाडका माणूस आहे. चांदीवर नक्षी कोरणाऱ्याकडे उमेदवारी केलेला, बाप लॅटिनचा मास्तर, तो कर्ज फेडता न आल्याने काही वर्षं लंडनच्या फ्लीट तुरुंगात. ही आठ चित्रं म्हणजे टॉम रेकवेल नावाच्या पोराची गोष्ट. कंजूष बापाने साठवलेली इस्टेट हातात येते आणि मग शिंपी, नाचशिक्षक, वेश्या, उधारीपायी अटक, पैशासाठी एकडोळ्या म्हातारीशी लग्न, जुगार, सातव्या चित्रात तोच फ्लीट तुरुंग आणि आठव्यात बेडलम, म्हणजे लंडनचं वेड्यांचं इस्पितळ. लोक हसण्यासाठी म्हणून बघतात, पण सातव्या चित्रातला तुरुंग काढणाऱ्याने लहानपणी आपल्याच बापाला तिथे पाहिलेलं आहे हे एकदा कळलं की त्या चित्राला हसता येत नाही.

त्याने आधी तैलचित्रं केली, मग तांब्याच्या प्लेटवर कोरून छापली. पण चोरांनी त्याच्या स्टुडिओत माणसं पाठवून, चित्रं डोक्यात साठवून, नकला आधीच बाजारात आणल्या. होगार्थने पार्लमेंटकडून छापचित्रांसाठी कॉपीराइटचा कायदा करून घेतला होता, तो 25 जून 1735 ला लागू झाला आणि त्याच दिवशी त्याने खरा सेट काढला. सेटची किंमत दोन गिनी, एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. ज्यांना ते परवडत नव्हतं त्यांच्यासाठी एका विक्रेत्याकडून अडीच शिलिंगाची छोटी आवृत्तीही करून घेतली. आज कॉपीराइटवर बोलणारे कितीजण याचं नाव घेतात?

असो, कामाकडे येते. प्रिंट आलं की मी आधी चित्र बघतच नाही, कागद बघते. लाइटशीटवर ठेवलं की जुन्या हातकागदातल्या जाळीच्या रेघा दिसतात, वॉटरमार्क दिसतो. 1822 मध्ये जेम्स हीथने होगार्थच्या मूळ प्लेट्स दुरुस्त करून पुन्हा मोठी आवृत्ती काढली, ती तसल्या रेघा नसलेल्या कागदावर, त्यामुळे प्रिंट त्या आवृत्तीतलं तर नाही ना, ही शंका तिथेच मिटते. इथे आठही कागदांत रेघा होत्या. पहिल्या सातांत त्यांचं अंतर जुळत होतं. चौथ्या चित्रात आकाश शांत होतं, हेही महत्त्वाचं, कारण होगार्थने नंतर त्यात व्हाइट्स या जुगारी क्लबवर पडणारी वीज घातली. म्हणजे सात प्रिंट्स लवकरची. आठव्याच्या रेघा मात्र जुळेनात.

मग लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, घेऊन बसले. बेडलममध्ये टॉम जवळजवळ उघडा जमिनीवर पडलाय, पायात बेडी, शेजारी त्याने फसवलेली सेरा यंग रडतेय. मागे गवताचा मुकुट घातलेला, स्वतःला राजा समजणारा वेडा, डोक्यावर पुस्तक ठेवून व्हायोलिन वाजवणारा, आणि वेडे बघायला आलेल्या दोन शौकीन बायका, कारण तेव्हा ती खरोखरच शहराची करमणूक होती. भिंतीवर एकजण समुद्रातले रेखांश शोधतोय. आणि त्याच भिंतीवर एक मोठं नाणं. हाफपेनी, त्यावर केस पिंजारलेली ब्रिटानिया, म्हणजे बाईच्या रूपातलं ब्रिटन. खाली 'रिटच्ड बाय द ऑथर, 1763'.

मी आवाज न करता कितीतरी वेळ ते बघत राहिले. अठ्ठावीस वर्षांनी तो याच प्लेटकडे परत आला होता. तेव्हा तो पासष्टीत, आजारी, जॉन विल्क्स या राजकारण्याशी भांडण झालेलं, विल्क्सचा दोस्त चर्चिल या कवीने त्याच्यावर जहरी कविता छापलेली. पुढच्याच वर्षी तो गेला. तांब्यावर बदल करायचा म्हणजे आधीच्या रेघा खरवडायच्या, घासून गुळगुळीत करायच्या, खड्डा पडला की मागून हातोडीने ठोकून वर आणायचा, आणि मग नव्याने, तेही उलटं कोरायचं. आमच्या प्रिंटमध्ये टॉमच्या अंगावरच्या जुन्या रेघा झिजून राखाडी झालेल्या आणि त्यांच्यावरून गेलेल्या नव्या रेघा काळ्याभोर, धारदार. दोन वयांतला एकच हात एका कागदावर.

लंच टाइममध्ये सर जॉन सोन म्युझियमला जाऊन मूळ तैलचित्र पुन्हा पाहिलं. 1802 मध्ये सोन कुटुंबाने आठही चित्रं 570 गिनींना घेतली, आणि ती भिंतीच्या दारासारख्या उघडणाऱ्या फळ्यांवर टांगलीत. त्यात नाणं नाही. एका उधळ्या पोराची गोष्ट म्हणून काढलेल्या चित्रात म्हाताऱ्या होगार्थने अख्खा देश वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेवला.

मी गृहस्थांना फोन करून हे सगळं अगदी उत्साहाने सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे हे सेटमधलं नाहीच." डीलरकडून नाणं नसलेलं लवकरचं आठवं मागवतो म्हणाले. मी म्हटलं, "हेही त्यानेच केलंय, स्वतःच्या हाताने." त्यावर ते म्हणाले, "मला टॉमची गोष्ट हवी आहे. इंग्लंडची नकोय." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नीट नाही. 1735 मध्ये होगार्थने जी गोष्ट पूर्ण झाली म्हणून विकली ती खरंच टॉमची होती, आणि घरच्या भिंतीवर तीच असावी असं वाटणं चूक कसं म्हणू? पण कुठल्या तरी आधीच्या मालकाने हे नाण्याचं चित्र मुद्दाम शोधून त्या सातांशेजारी लावलं असेल तर? की हाताला लागलं ते घेतलं? दोन्ही शक्य आहे.

आमच्या स्टुडिओच्या मालकीणबाईंचं मत, "गिऱ्हाइकाचा सेट आहे, तू रिपोर्ट लिही आणि पुढच्या कामाला लाग." बाई हाताने फार गुणी आहेत, पण घाई करतात. त्यांनी आधी ब्लीच सुचवलं होतं, तेवढं मी होऊ दिलं नाही. ब्लीचने कागद दोन वर्षं पांढरा दिसतो आणि कायमचा कमजोर होतो. किंचित चुना मिसळलेल्या शुद्ध पाण्यावर सातही कागद तरंगवले, चहासारखा पिवळा रंग खाली उतरत गेला, पाणी बदलत राहिले. वाळवताना वजन मुद्दाम कमी ठेवलं, कारण जास्त दाबलं की प्रेसमध्ये प्लेटच्या कडेने कागदात उमटलेला खोलगट ठसा सपाट होतो, आणि छापचित्राचा निम्मा जीव त्या ठशात असतो. फ्रेमवाल्यांना हे दहादा सांगूनही कळत नाही.

आठवंही तसंच धुतलं, तितक्याच काळजीने, जरी ते विकलं जाणार होतं. रिपोर्टमध्ये मी लिहिलं: "1763 ची अवस्था, कलावंताने स्वतः बदललेली." डीलरने नवं चित्र दिलं, हे बदल्यात घेतलं आणि पावतीवर त्याच्यापुढे "सदोष, सेटबाह्य" असं लिहिलं. सेटबाह्य म्हणा, हरकत नाही. सदोष शब्द काढा म्हणून मी मेल केलाय, रिपोर्ट आणि नाण्याचा मोठा केलेला फोटो जोडून. अजून उत्तर आलेलं नाही, पुढच्या आठवड्यात दुकानात जाऊन विचारणार आहे.