चार फुटी प्रिंट, मेगापिक्सेल आणि लेन्सचा कोपरा

छत्रपती संभाजीनगरात घराचे किंवा हॉटेलचे नवे काम झाले की दर्शनी भिंतीवर वेरूळचे कैलास लेणे हवे असते, आणि ते लहान आकारात कोणाला चालत नाही. चार फूट रुंदीची मागणी आता सर्रास होते. तिच्यासोबत येणारा प्रश्नही ठरलेला असतो, तो म्हणजे कॅमेरा किती मेगापिक्सेलचा लागेल. लेन्स कोणती, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

आधी मेगापिक्सेलचा हिशेब पाहू. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे छायाचित्र ६००० बाय ४००० पिक्सेलचे असते. लॅबवाले मागतात तसे इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर त्याचे प्रिंट २० इंच रुंदीपर्यंतच जाते. चार फुटांवर, म्हणजे ४८ इंचांवर तेच पिक्सेल पसरले की इंचाला १२५ उरतात. हा आकडा ऐकून लोक घाबरतात, पण घाबरण्याचे कारण नाही. निकोप डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखता येतो. त्या मापाने १२५ पिक्सेलचे प्रिंट सव्वादोन-अडीच फुटांवरून पाहिले, तर त्यातले पिक्सेल डोळ्याला सुटे दिसत नाहीत. आता हाच हिशेब निकॉन डी८५० सारख्या ४५.७ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यासाठी मांडू. त्याची रुंदी ८२५६ पिक्सेल आहे, म्हणजे चार फुटांवर इंचाला १७२ पिक्सेल मिळतात आणि पिक्सेल सुटे न दिसण्याचे अंतर वीस इंचांवर येते. मेगापिक्सेल जवळजवळ दुप्पट झाले, खर्च त्याहून अधिक वाढला आणि पाहणाऱ्याला फक्त सातेक इंच पुढे सरकता आले. मेगापिक्सेल हे क्षेत्रफळाचे माप असल्यामुळे रुंदीतला तपशील दुप्पट करायचा तर ते चौपट करावे लागतात, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही.

अंतराचा हा नियम रस्त्यावरच्या फ्लेक्सला उत्तम लागू पडतो. चौकातल्या ‘भावी आमदारां’चा फोटो बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असतो, तरी तो पलीकडच्या फुटपाथवरून झकास दिसतो, कारण त्याच्याजवळ जाऊन पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. कैलास लेण्याचे तसे नाही. माणूस आधी चार पावले मागे उभा राहून पूर्ण मंदिर पाहतो आणि मग हमखास पुढे येतो. जोत्यावरच्या हत्तींपैकी सोंड तुटलेले कोणते, रामायणाच्या शिल्पपटात कोणता प्रसंग कुठे आहे, हे शोधत त्याचे नाक काचेला टेकायला आलेले असते. अशा वेळी पिक्सेल सुटे दिसण्याआधी लेन्सचा कमकुवतपणा उघडा पडतो, असा माझा अनुभव आहे.

याचे कारण मापातच आहे. कॅमेऱ्यात प्रतिमा टिपणारी चिप म्हणजे सेन्सर. त्यातला मोठा, म्हणजे फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. त्यावरची प्रतिमा चार फुटांची करताना ती सुमारे ३४ पट मोठी होते. लहान, म्हणजे एपीएस-सी सेन्सर असेल तर सुमारे ५२ पट. लेन्सने केलेली प्रत्येक कसूर तितक्याच पटीने भिंतीवर चढते. लेन्सचा मध्यभाग सहसा चांगलाच असतो, अगदी कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ लेन्सचासुद्धा, पण तिच्या कडा आणि कोपरे वेगळेच बोलतात. अंगणातून वाइड लेन्सने पूर्ण मंदिर चौकटीत बसवले की शिखर वर मध्याजवळ येते आणि हत्तींची रांग नेमकी खालच्या कोपऱ्यांकडे जाते. काळ्या बेसॉल्टवरचे छिन्नीचे घाव मध्यभागी मोजता येतात, तर कोपऱ्यातला तोच दगड शेणाने सारवल्यासारखा गुळगुळीत दिसतो. उजळ आकाशाला भिडणाऱ्या कड्याच्या काठावर जांभळी-हिरवी किनार आली असेल तर ती वेगळीच. ८ बाय १२ च्या प्रिंटमध्ये यातले काही जाणवत नाही.

स्वस्त लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र थोडे लहान केले, म्हणजे एफ ३.५ ऐवजी एफ ८ वर आणले (एफचा आकडा मोठा, तितके छिद्र लहान), की तिचे कोपरे पुष्कळ सावरतात. यावरून काहीजण एफ १६ किंवा एफ २२ वर जातात आणि तिथे प्रकाशाचा स्वतःचा नियम आडवा येतो. छिद्र लहान होईल तसा प्रकाश पसरतो. एफ ८ वर एका बिंदूचा ठिपका सुमारे ११ मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) होतो, एफ १६ वर २१ मायक्रॉनचा. हा दुसरा ठिपका ३४ पटीने वाढवला की चार फुटी प्रिंटवर ०.७ मिलिमीटरचा होतो, आणि त्यावर लेन्सच्या किमतीचा काही परिणाम होत नाही. मोबाइलच्या १०८ मेगापिक्सेलचे मर्म इथेच कळते: त्याचा पिक्सेल एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतो, तर एफ १.८ वरचा ठिपका सव्वादोन मायक्रॉनच्या वर जातो, म्हणजे एकच ठिपका अनेक पिक्सेलवर पसरतो. असे बरेच फोन एरवी नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचेच छायाचित्र देतात.

हात हलण्याविषयी फार लिहीत नाही. ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व विभागाची पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर भिंतीला पाठ टेकवून, शटरचा वेग नेहमीपेक्षा वाढवून एकापाठोपाठ काही फ्रेम घ्याव्यात आणि त्यातली स्थिर असलेली निवडावी. मराठवाड्यातल्या उन्हाळ्याचा मुद्दा मात्र वेगळा सांगावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढल्यावर देवगिरीचा किल्ला लांबून टेलिफोटोने, म्हणजे दूरचे जवळ आणणाऱ्या लेन्सने, टिपला, तर तटबंदीच्या रेषा पाण्यात पाहिल्यासारख्या थरथरलेल्या येतात. तो दोष तापलेल्या हवेचा आहे आणि महागडी लेन्स तो फक्त अधिक स्पष्टपणे टिपते. मोठे प्रिंट करायचे असेल तर पहाट गाठावी किंवा पावसाने हवा धुतल्यावर जावे.

संगणकावर एआय वापरून छायाचित्र मोठे करण्याची सोय आता सगळीकडे आहे. नाथसागरावरच्या संध्याकाळसाठी ती वापरायला माझी हरकत नाही, कारण पाण्याच्या लाटा कोणी मोजत नाही. शिल्पांच्या बाबतीत मला ती पटत नाही. कारागिराने न केलेले घाव आणि न कोरलेले दागिने ती बेमालूम भरते.

पैसे मर्यादित असतील तर २४ मेगापिक्सेलची बॉडी तशीच ठेवून चांगली प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स घ्यावी, आणि अधिक तपशील हवा तिथे उभ्या तीन-चार फ्रेम घेऊन त्या जोडाव्यात, असे माझे मत आहे. ऑर्डर देण्यापूर्वी एक तपासणी जरूर करावी. छायाचित्राच्या सर्वांत वाईट कोपऱ्यातला १५०० बाय १००० पिक्सेलचा तुकडा कापून त्याचे १२ बाय ८ इंचाचे प्रिंट काढावे. चार फुटी प्रिंटमध्ये तो कोपरा नेमका एवढ्याच आकाराचा असेल. ते प्रिंट ज्या कागदावर अंतिम काम होणार आहे त्यावरच हवे, कारण कॅनव्हासच्या विणीत पुष्कळ काही लपते आणि ग्लॉसी कागदावर काहीच लपत नाही. नुसता दगडाचा तुकडा छापायला सांगितला की लॅबवाला एकदा तोंडाकडे पाहतो, पण छापून देतो.