पहिल्याच नोकरीत लेऑफ झाला असेल तर

सॉफ्टवेअरमध्ये दहा वर्षं काम केलेल्या माणसाचा लेऑफ आणि पहिल्याच नोकरीतला लेऑफ, यात खूप फरक आहे असं मला मनापासून वाटतं. सिनियर लोकांकडे आधीच्या कंपन्या असतात, जुने प्रोजेक्ट असतात, आपल्याला काम येतं हे त्यांना पक्कं माहीत असतं. आपल्याकडे काय, डिग्री आणि ही एकच नोकरी, ती गेली की पहिला विचार हाच येतो की बहुतेक आपल्याला जमतच नाही. माझं असंच झालं, सगळी टीमच बंद केली होती तरी मी कित्येक दिवस मॅनेजरचा जुना फीडबॅक आठवून त्यात माझी चूक शोधत बसायचे.

नंतर जरा वाचायला लागले तेव्हा डोकं शांत झालं. कोविडच्या काळात अमेरिकेत व्याजदर जवळपास शून्यावर होते, ऑनलाइन धंदा वाढत होता, कंपन्यांनी भरमसाट भरती केली. मार्च २०२२ पासून फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, दर वाढवायला घेतले ते जुलै २०२३ पर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर गेले, पैसा महाग झाला आणि खर्च कुठे कापायचा हा प्रश्न आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये फेसबुकवाल्या मेटाने ११ हजारांहून जास्त लोक कमी केले, जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने १० हजार आणि गूगलच्या अल्फाबेटने १२ हजार जाहीर केले. इतक्या सगळ्यांना एकदम कोडिंग येईनासं झालं असं कसं होईल? कधीकधी परफॉर्मन्सवरूनही काढतात हे खरंय, मेटाने २०२५ च्या सुरुवातीला तसं उघड सांगून केलं. पण पूर्ण टीम किंवा प्रॉडक्ट बंद होतं तेव्हा त्यातला ज्युनियर किती चांगला आहे हे बघायला कोणी थांबत नाही.

पगाराचं टेन्शन तर असतंच, खर्च कमी करा, सॅलरी स्लिप आणि एक्सपिरियन्स लेटर वेळेत मागून घ्या, यावर जास्त लिहीत नाही. ज्यावर कोणी बोलत नाही ते म्हणजे शिकणं थांबतं. पहिल्या एकदोन वर्षांत आपण कोर्सपेक्षा कोड रिव्ह्यूमधून जास्त शिकतो, कोणीतरी आपला कोड वाचतं, हे असं का केलंस विचारतं, आणि नोकरीबरोबर ते वाचणारं माणूसच जातं. म्हणून एकट्याने ट्यूटोरियल बघत बसण्यापेक्षा ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो अशा प्रोजेक्टमध्ये, घुसा. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर बऱ्याच प्रोजेक्टमध्ये 'गुड फर्स्ट इश्यू' असं लेबल लावलेली कामं असतात, छोटं काहीतरी घ्या, कोड तपासणाऱ्या टेस्ट लिहा, डॉक्युमेंटेशन नीट करा. माझ्या पहिल्या पुल रिक्वेस्टवर (माझा बदल प्रोजेक्टमध्ये घ्या अशी विनंती) एका अनोळखी मेंटेनरने, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने, इतक्या बारीक कमेंट टाकल्या होत्या की मला बरं वाटलं, खरंच, कारण खूप दिवसांनी कोणीतरी माझं काम काम म्हणून वाचलं होतं.

आणि ऑफिसात केलेलं काम आठवतंय तोवर आपल्या शब्दांत लिहून काढा, कंपनीचा कोड अजिबात उचलू नका, फक्त अडचण काय होती, मी काय केलं, त्याने काय बदललं. इंटरव्ह्यूत लेऑफबद्दल विचारलं की 'टीम बंद झाली, त्यात माझी पोझिशन गेली' एवढं खरं सांगायचं आणि लगेच त्या कामावर यायचं. मी आधी पाच पाच मिनिटं खुलासा देत बसायचे, त्याने समोरच्याला उगाच शंका येते.

ज्यांची नोकरी राहिली आहे त्यांनाही एक सांगायचंय. तुमच्या टीममधला ज्युनियर गेला असेल तर 'काही लागलं तर सांग' एवढ्यावर थांबू नका, तो मागणार नाही, त्याला लाज वाटते. त्याने केलेलं एखादं काम नेमकं आठवून त्याला लिहा की हे तू चांगलं केलं होतंस, आणि रेफरल हवाय का हे तुम्हीच विचारा.