तुम्ही विचारलंत म्हणून: खाली जागा असताना टोमॅटो उलटे का?

बाल्कनीत रंगाच्या बादल्या आणि त्यांच्या बुडातून लोंबणारे टोमॅटो बघून पूर्वी लोक "उलटे का?" एवढंच विचारायचे. वर्षभरात प्रश्न बदललाय. "आता खाली जागा झाली की, मग साधी कुंडी का नाही?" जागा कशामुळे झाली हे विचारणाऱ्यांना माहीत असतं, तरी विचारतात. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

आधी, चार वर्षांपूर्वी मी ज्याला त्याला जे सांगत सुटले होते ते मागे घेते. उलटं लावलं की उत्पन्न वाढतं, असं मी म्हणायचे. माझ्याकडे नाही वाढलं. रोग येत नाही, असंही म्हणायचे. मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत हे खरं, पण वरून घातलेलं पाणी बुडाच्या भोकातून खोडावर पाझरतं, पानं ओली राहतात आणि करपा यायचा तो येतो. वाऱ्यावरची बादली भराभर सुकते. एप्रिलमध्ये दोन वेळा पाणी लागतं. दोन-चारदा हयगय झाली की फळांच्या बुडाला काळे, चामड्यासारखे डाग. त्यासाठी मी चुन्याची निवळी ओतली, अंड्याची टरफलं कुटून घातली. कॅल्शियम मातीत होतंच, ते फळापर्यंत नेणारं पाणी वेळेवर मिळत नव्हतं. आणि रोप काही उलटं वाढत नाही. आडव्या-उलट्या खोडात ऑक्सिन, म्हणजे झाडाचं वाढीचं संप्रेरक, खालच्या अंगाला जास्त साठतं, तिथल्या पेशी जास्त लांबतात आणि शेंडा दिवसभरात वर वळायला लागतो. पुढे फळांच्या वजनानं फांदी लोंबते, तिचा शेंडा पुन्हा वर. तोंडाशी स्पंज नीट बसवला नाही तर या ओढाताणीत खोड भोकाच्या कडेला घासून सोलतं.

एवढं असून का? तर खाली अण्णांची, माझ्या वडिलांची, खुर्ची होती म्हणून.

अण्णांनी नारायणगावच्या बाजूला तीस वर्षं टोमॅटो केला. अर्धांगवायूनंतर माझ्याकडे पिंपरीला आले, तेव्हा डावं अंग गेलेलं. चार फुटांच्या बाल्कनीत चाकाची खुर्ची आली की कुंडीला जागा उरत नव्हती, आणि असती तरी त्यांना वाकून बघता येत नव्हतं. फळ त्यांच्या डोळ्यांसमोर यायला हवं होतं. म्हणून १५ लिटरची बादली, बुडाला दोन इंचाचं भोक, रोपाचा शेंडा कागदात गुंडाळून आतून बाहेर काढलेला.

त्यांना हे कधीही पटलं नाही. "टोमॅटोला बांधणी लागते," म्हणायचे. "तार-काठी नाही, सुतळी नाही, हे कसलं पीक?" तरी उजव्या हाताने पिवळी पानं रोज खुडायचे.

दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस आला. बादलीला झाकण नव्हतं. भिजून ती १२-१३ किलोंची तरी झाली असेल. हूक मी स्वतःच मारला होता, प्लास्टिकच्या गिट्टीत, आणि गिट्टी स्लॅबपर्यंत पोचलीच नव्हती, नुसत्या प्लास्टरमध्ये होती. मी आत पोळ्या करत होते. आवाज ऐकून धावले तर अण्णा खुर्चीतच, मांडीवर चिखल, बादली पायाशी आडवी. ओरडले नव्हते. डाव्या पायाला काही कळतच नव्हतं त्यांना. रोपाचं खोड तेवढं उजव्या मुठीत धरलेलं. मी माती पुसत होते, "लागलं का?" विचारत होते, ते "नाही" म्हणत होते, आणि पायमोजा काढला तर अंगठा काळानिळा. एक्स-रेत दोन बोटं मोडलेली निघाली. दवाखान्यात जाईपर्यंत ते एकच वाक्य बोलले, "सांगितलं होतं, बांधून घे."

फोनवर भाऊ म्हणाला, "ताई, तू अण्णांचा जीव घेशील." मी त्याला उलट खूप बोलले. वर्षातून दोनदा येणाऱ्याने शिकवू नये, वगैरे. पण ती बादली दोन वीत अलीकडे पडली असती तर, हे मला आजही झोपताना आठवतं. चूक माझी होती.

मग परत का टांगल्या? हे विचारायचा अधिकार तुम्हाला आहे. महिनाभर बाल्कनी मोकळी ठेवली. अण्णा बाहेर यायलाच तयार होईनात. "तिथे काय बघायचं?" म्हणायचे. तेव्हा मिस्त्री बोलावला, स्लॅबमध्ये अँकर मारून घेतले, प्रत्येक बादलीला दुसरी स्टीलची तार, झाकणं, आणि खुर्चीच्या बरोबर वर काहीही नाही. पुढची दोन वर्षं ते पुन्हा तिथे बसले. त्यांच्यासाठी टांगल्या की त्यांना बाहेर बसवल्याचं समाधान मला हवं होतं म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही.

गेल्या भाद्रपदात अण्णा गेले. खुर्ची एका गरजू घरी दिली. जागा झाली ती अशी, आणि तुम्ही तिथे कुंडी सुचवता. चुकीचं काहीच सुचवत नाही. बादल्या काढायला मी दोनदा स्टुलावर चढले आणि पाणी घालून उतरले, एवढंच सांगू शकते.

यंदा एक कुंडी ठेवली आहे, कोपऱ्यात. त्यातल्या रोपाला काठी दिली, आणि अण्णा द्यायचे तशी सुतळीला आठाच्या आकड्याची सैल गाठ. कुंडीने आतापर्यंत सव्वा किलो दिले, दोन बादल्यांनी मिळून किलोभर. बादल्या अजून आहेत.