विलापिकेची नोंदवही: टेलर मास्तरांवरची कविता, मसुदा १ ते ५

हाती घेतलेलं काम असं: साधारण ४४ ओळींची विलापिका. विषय एक काल्पनिक म्हातारे टेलर मास्तर. बोलणारं त्यांचं गिऱ्हाईक, ज्याचा सदरा एका बाहीवाचून अडला आहे. पाच मसुदे झाले, त्यांतले दोन पूर्ण टाकून दिले. कुठला मसुदा कशामुळे पडला आणि त्यावर काय उपाय केला, एवढंच इथे टिपलं आहे.

आठवडा १: प्रकार पक्का करणं

शोकगीत, समाधिलेख, श्रद्धांजली आणि विलापिका हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. नुसतं वाचायचं असेल तर फारसं बिघडत नाही, लिहायला बसल्यावर मात्र पहिल्या चार ओळींतच घोटाळा होतो. शोकगीत मृत्यूच्या अगदी जवळ उभं असतं. ते लहान असतं, त्यात ओळी पुन्हा पुन्हा येतात आणि ते गळ्यासाठी असतं. समाधिलेख दगडावर कोरायचा असल्यामुळे दोन-चार ओळींत आटपतो, आणि जुन्या ग्रीक-लॅटिन समाधिलेखांत तो बऱ्याचदा वाटसरूला हाक मारतो. श्रद्धांजली सभेसमोरची, गुण मोजणारी. विलापिका उशिरा येते. पहिला हंबरडा ओसरलेला असतो, हाताशी वेळ असतो, म्हणून ती शोकही करते, आठवणही सांगते आणि 'आता पुढे काय' असंही विचारते. मसुदा १ ला या उशिराचं भानच नव्हतं. सोळाच्या सोळा ओळी आक्रोशाच्या झाल्या आणि सतराव्या ओळीला सांगण्यासारखं काही उरलं नाही. तो मसुदा टाकला.

या प्रकाराचा इतिहास इथे उपयोगी पडतो. इ. स. पू. सातव्या शतकातल्या ग्रीकांकडे 'एलेगी' (आपण जिला विलापिका म्हणतो ती) हे रसाचं नाव नव्हतंच, ते छंदाचं होतं: एक सहा गणांची (गण म्हणजे लघू-गुरू अक्षरांचा ठराविक गट) ओळ आणि तिच्याखाली एक पाच गणांची. टिर्टियस या कवीने हाच छंद स्पार्टाच्या सैनिकांना लढायला उभं करण्यासाठी वापरला, पुढे अथेन्सच्या सोलोनने त्यात राजकारण मांडलं, रोमन कवींनी प्रेम. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन कवी गटेने लिहिलेल्या 'रोमन एलेगी'सुद्धा प्रेमाच्याच आहेत. म्हणजे विलापिकेत शोक हा माल झाला. गाडी छंदाची, आणि गाडी कुठली हे आधी ठरवावं लागतं.

आठवडा २ आणि ३: छंदाच्या तीन चाचण्या

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो जायलाच हवा होता.

पहिली चाचणी वियोगिनी या वृत्ताची. कालिदासाने रतिविलाप (पती कामदेव जळाल्यावर रतीचा शोक; कुमारसंभव, सर्ग ४) आणि अजविलाप (पत्नी गेल्यावर अज राजाचा शोक; रघुवंश, सर्ग ८) हे दोन्ही याच वृत्तात लिहिले. विषम चरणात स स ज ग, म्हणजे दहा अक्षरं (स, ज, भ, र हे तीन-तीन अक्षरांचे गण; ल म्हणजे एक लघू, ग म्हणजे एक गुरू). सम चरणात स भ र ल ग, म्हणजे अकरा. मसुद्यातली जोडी:

उरली मळकी जुनी वही,
लिहिले माप पुसून चालले

मोजून बघा. उरली (ललग) मळकी (ललग) जुनी व (लगल) ही (ग). लिहिले (ललग) माप पु (गलल) सून चा (गलग) ल (ल) ले (ग). दर चरणाच्या तोंडाशी दोन लघू येतात आणि मग गुरू. श्वास घ्यायचा, घ्यायचा आणि मग सोडायचा, अशी ती चाल आहे. सम चरणात एक अक्षर वाढतं आणि तिसऱ्या अक्षराच्या गुरूला लागून लगेच चौथं अक्षरही गुरू येतं, तिथे आवाज अडखळतो. विलापासाठी हे वृत्त का निवडलं असेल, ते या अडखळण्यात ऐकू येतं.

हे बिघडतं कुठे? 'उरली'ऐवजी 'राहिली' लिहिलं की सुरुवात गलग होते आणि तो श्वासच जातो. मराठीत दोन लघूंनी सुरू होणारी क्रियापदं मुबलक आहेत (उरली, सरली, विझली, निजले), पण नामं पटकन सापडत नाहीत. त्यामुळे चरणामागून चरण क्रियापदानेच उघडू लागतो आणि चार श्लोकांनंतर कान कंटाळतो. दुसरी अडचण उच्चाराची. बोलताना आपण 'मळकी'चं 'मळ्की' करतो, वृत्तात तीन अक्षरं पूर्ण म्हणावी लागतात. मोठ्याने न म्हणता नुसत्या डोळ्यांनी वृत्त तपासलं की ही चूक हमखास निसटते. जोडाक्षराआधीचा लघू गुरू होतो हा नियमही आंधळेपणाने लावू नये. 'तुम्ही'मधल्या 'तु'वर आघात येत नाही, तो लघूच राहतो.

दुसरी चाचणी अभंगाची. नामदेवांच्या गाथेत ज्ञानेश्वरांच्या समाधीचे (१२९६) अभंग आहेत, तेव्हा हा साचा वियोगाला नवा नाही. मोठ्या अभंगाचं माप ६-६-६-४, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक:

मापांची ती वही । उघडीच राहे ।
धागा वाट पाहे । सुईपाशी ॥

अक्षरं बरोबर बसली, ऐकायलाही गोड आहे. पण शेवटचा चार अक्षरांचा चरण प्रत्येक कडव्याला दार लावून घेतो. दर कडवं आपल्यापुरतं समजूत काढून मोकळं होतं आणि शोक पुढच्या कडव्यात वाहत जात नाही. वीस ओळींच्या शोकगीताला आम्ही डोळे मिटून अभंगच सुचवू. ४४ ओळींच्या विलापिकेसाठी नाही.

तिसरी चाचणी ग्रीक द्विपदी (सहा आणि पाच गणांच्या ओळींची ती जोडी) मराठी मात्रांत आणण्याची, आणि सध्या काम यातच चालू आहे. मूळ गण गलल किंवा गग, म्हणजे दोन्हीकडे चार मात्रा (लघूची एक, गुरूच्या दोन). सहा गणांच्या २४ मात्रा. खालच्या 'पाच गणी' ओळीत खरं तर अडीच-अडीच गणांचे दोन तुकडे असतात: १० + १०, मध्ये तोड. मराठीत असं:

मापे घेता घेता थकले हात विसावे
बाही अर्धी ही । कोण पुढे शिवतो

वरच्या ओळीचा शेवट 'हात वि' (गलल), 'सावे' (गग) हा अगदी मूळ चालीप्रमाणे उतरला. 'थकले' मात्र ललग आहे. ग्रीक नियमात तो बसत नाही, मराठी कान चार मात्रा ऐकून मान्य करतो, म्हणून राहू दिला. खालच्या ओळीत 'ही'पाशी दोन मात्रांइतकं थांबायचं आणि शेवटीही तेवढंच. मग दोन्ही ओळी म्हणायला सारखा वेळ लागतो, फक्त दुसरीत तो वेळ शांततेने भरलेला असतो. म्हणणाऱ्याने ती तोड खाल्ली तर ओळ नुसती तोकडी वाटते. म्हणून मसुद्यात तिथे दंड घालतो आणि अंतिम प्रतीत काढणार आहोत. दुसऱ्या तुकड्यात गग चालवून घेऊ नका, तिथे गलल गलल ग हेच हवं. नाहीतर दोन्ही तुकडे सारखेच जड होतात आणि उतार जाणवत नाही.

एक सुखद शोध: 'मास्तर' हा शब्दच गलल आहे. हाक मारली की गण पूर्ण.

आठवडा ४: हाक कोणाला आणि कशी

मसुदा २ मध्ये मेलेल्या माणसाला 'तू' होतं. कवितेत 'तू' सहज चालतं, पण गिऱ्हाईक म्हाताऱ्या टेलरला 'तू' म्हणत नाही. ते 'मास्तर, तुम्ही' असंच म्हणतं. 'तुम्ही' केल्याबरोबर खोटा लळा गळून पडला आणि दोघांमधलं खरं नातं दिसू लागलं: माप देणारा आणि माप घेणारा.

याच मसुद्यात 'परत याल' अशा अर्थाची ओळ दोनदा आली होती. ही चूक रसाच्या मुळावरच येते. भेटीची आशा जिवंत असेल तर तो विप्रलंभ शृंगार (विरहातलं प्रेम), आशा तुटली की करुण. मेघदूतातला यक्ष शाप संपण्याची वाट पाहतो, म्हणून ते काव्य कितीही व्याकुळ असलं तरी विलापिका नाही. दोन्ही ओळी काढल्या आणि मसुदा २ त्यासकट बाद झाला, कारण त्याचा शेवट त्यांच्यावरच टेकला होता.

आठवडा ५: ओळींची वाटणी

सध्याचा हिशोब: शोक १४, आठवण आणि गौरव १६, प्रश्न ४, सांत्वन (किंवा त्याचा नकार) १०. गौरव शोकापेक्षा मोठा ठेवला, कारण गेलेला माणूस वाचकाला माहीत नाही. आधी तो दिसला पाहिजे, मगच त्याचं नसणं लागेल. मात्र गौरवात विशेषणं आली की श्रद्धांजली सुरू होते. कसोटी सोपी आहे: सोळा ओळींतली विशेषणं बोटाने झाकायची. खाली कृती उरली तर ओळ ठेवायची. 'प्रामाणिक, कष्टाळू' झाकल्यावर काहीच उरलं नाही. 'खडू कानामागे ठेवून टेप गळ्यात' झाकायला काही नव्हतंच.

इंग्रजीतल्या गोपविलापिकेच्या सामग्रीचाही विचार केला. मिल्टनने १६३७ मध्ये समुद्रात बुडालेल्या सहाध्यायीवर लिहिलेल्या कवितेत ती पुरी सापडते: कवी धनगराच्या वेषात, 'तेव्हा तुम्ही कुठे होतात' असा वनदेवतांना प्रश्न, शोक करणाऱ्यांची रांग, फुलांची यादी. धनगर आणि फुलं इथे उसनी वाटली असती, पण रांग कामाची निघाली. शोक करायला येतात ते मास्तरांच्या दुकानात लटकलेले अर्धे कपडे: गुंड्यांवाचूनचा कोट, काजं न केलेला सदरा, दुमड न घातलेली विजार. तीन पुरेत. पाच केल्यावर ती यादी झाली होती.

ज्यांना लांब रचना करायची आहे त्यांनी मर्सियाची (करबलाच्या हुतात्म्यांवरच्या उर्दू शोककाव्याची) बांधणी जरूर पाहावी. एकोणिसाव्या शतकातल्या लखनौत अनीस आणि दबीर या कवींनी तिला पूर्ण रूप दिलं. सहा ओळींचं कडवं, म्हणजे मुसद्दस, त्यात चार ओळींचं एक यमक आणि दोन ओळींचं वेगळं. क्रम असा: चेहरा (प्रस्तावना), सरापा (वीराचं नखशिखांत वर्णन), रुख्सत (निरोप), आमद (रणात येणं), रजज (ललकारी), जंग (लढाई), शहादत (हौतात्म्य) आणि शेवटी बैन, म्हणजे विलाप. तिथे रडणं सगळ्यात शेवटी येतं, तोवर ऐकणाऱ्यासमोर तो वीर पुरता उभा राहिलेला असतो. आमच्या मसुदा १ मध्ये याच्या बरोबर उलट झालं होतं.

आठवडा ७: सांत्वनाची अडचण

मसुदा ४ मध्ये 'धागा तुटला तरी वीण राहते' अशा वळणाची समजूत होती. वाचायला बरी, पण ती कुठल्याही माणसाच्या कवितेला जोडता आली असती, म्हणून ती गेली. सांत्वन कवितेतल्याच वस्तूंतून निघालं पाहिजे. इंग्रज कवी टेनिसनने मित्राच्या १८३३ मधल्या मृत्यूवरची मालिका १८५० मध्ये प्रसिद्ध केली. त्या सतरा वर्षांचा थांबा तिच्या यमकातही आहे: अ ब ब अ. आतली जोडी लगेच मिटते, बाहेरचं यमक उशिरा परत येतं, गेलेली आठवण परत यावी तसं. हे मराठीत करून पाहिलं. आपला कान लागोपाठच्या यमकाला सरावलेला, त्यामुळे चौथ्या ओळीपर्यंत पहिल्या ओळीचं यमक विसरतो. बाहेरचं यमक तीन अक्षरी आणि ठसठशीत ठेवलं (उसवले-बसवले), आतलं एकाक्षरी, तेव्हा कुठे ते ऐकू आलं. द्विपदीत त्याला जागा नाही, पण वेगळ्या कवितेसाठी ही युक्ती राखून ठेवली आहे.

सांत्वन नाकारण्याचा मार्गही जुना आहे, तो आधुनिकांनी शोधलेला नाही. अजविलापानंतर वसिष्ठांचा शिष्य उपदेश घेऊन येतो, राजा ऐकून घेतो, पण ते त्याच्या मनात ठरत नाही. मुलगा लहान आहे म्हणून आठ वर्षं काढतो, इतकंच. मसुदा ५ याच वाटेने चालला आहे. वहीत गिऱ्हाइकाचं माप आहे आणि ते आता त्याला होत नाही, अंगाने तो बदलला. मास्तरांच्या हातचं शेवटचं माप चुकीचं ठरत चाललंय, तरी ते पान तो फाडत नाही.

आजची स्थिती

४४ पैकी ३४ ओळी पक्क्या. प्रश्नाच्या चार ओळींत 'का' तीन वेळा आलाय, एकच ठेवायचा आहे. सांत्वनाच्या दहांतल्या सहा ओळी अडल्या आहेत, त्यांतल्या खालच्या ओळींना उत्तरार्धात गलल गलल ग मिळत नाही. 'माप' आणि 'वही' एकाच तुकड्यात आणायचे तर 'वही'चा 'व' लघू असल्याने तो गणाच्या शेवटच्या लघूच्या जागी सरकवावा लागेल. पुढची नोंद त्या सहा ओळी बसल्यावर.