औदुंबरला दर्शन, सागरेश्वरला हरणं: एक मुक्काम वाढवा

पुण्या-मुंबईकडून औदुंबरला येणारी बहुतेक मंडळी दत्ताच्या पादुकांचं दर्शन घेतात, प्रदक्षिणा घालतात आणि जेवणाच्या वेळेआधी नरसोबाच्या वाडीच्या रस्त्याला लागतात. वाडी काही पळून जात नाही. औदुंबरला एक रात्र काढली तर दुसऱ्या दिवशी सकाळी सागरेश्वर अभयारण्य निवांत बघून होतं. देवदर्शनाला आलेले म्हातारे आणि कंटाळलेली पोरं, दोघांचंही समाधान होणारी अशी जागा आमच्या सांगली जिल्ह्यात दुसरी नसावी. थंडीत माझा मामेभाऊ बायको-मुलांसह आला होता, सोबत मामीही होत्या. त्यांना घेऊन हेच केलं.

रेल्वेने यायचं तर पुणे-मिरज मार्गावर भिलवडी आणि किर्लोस्करवाडी ही जवळची स्टेशनं. सगळ्या एक्सप्रेस तिथे थांबत नाहीत, तिकीट काढताना थांबा बघा; नाहीतर सरळ सांगली किंवा मिरजेला उतरून एसटी धरा. आम्ही सांगलीहून गाडीने निघालो आणि मुद्दाम तासगाववरून गेलो, कारण मामींना तिथला गणपती करायचा होता. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या या देवळाचं सात मजली गोपूर दाक्षिणात्य घाटाचं आहे. द्राक्षबागांच्या या गावात ते असं अचानक समोर येतं की पहिल्यांदा येणारा माणूस गाडी थांबवतोच. बेदाणे घ्यायचे असतील तर इथेच घ्या.

भिलवडी आणि अंकलखोप यांच्यामधला कृष्णेवरचा पूल ओलांडला की औदुंबर. पावसाळ्यात येणाऱ्यांनी हा पूल लक्षात ठेवावा. कोयना धरणातून विसर्ग वाढला की तो पाण्याखाली जाऊ शकतो आणि मग लांबचा वळसा पडतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तर या पट्ट्यातली गावंच्या गावं पाण्यात होती. देऊळही नदीला इतकं लागून आहे की पाणी आत शिरणं इथल्यांना नवं नाही.

दत्तावतार मानल्या जाणाऱ्या नृसिंह सरस्वतींनी इथे एक चातुर्मास काढला, अशी परंपरा. गाभाऱ्यात मूर्ती नाही, पादुका आहेत. औदुंबराची सावली, दगडी घाट, खाली संथ कृष्णा. गुरुवार आणि पौर्णिमा टाळा. गर्दीत दर्शन होतं, पण घाटावर बसणं होत नाही, आणि माझ्या मते औदुंबरला यायचं ते घाटावर बसायला. संक्रांतीच्या सुमाराला आलात तर इथलं साहित्य संमेलनही गाठता येईल. कवी सुधांशुंच्या या छोट्याशा गावाने ते वर्षानुवर्षं चालवलं आहे.

पलीकडच्या काठावर भुवनेश्वरी देवीचं देऊळ आहे. आम्ही होडीने गेलो. भाच्याने कुठेतरी वाचलं होतं, त्याने नावाड्याला विचारलंच, "काका, इथे मगरी आहेत?"

"हायत की. उनाला येऊन पडत्यात मळीवर. पर तू पाण्यात हात घालू नगंस, म्हंजे त्यास्नी बी तरास न्हाई."

यात गंमत नाही. कृष्णेच्या या भागात, भिलवडी-औदुंबरच्या आसपास, मगरींचा वावर आहे आणि माणसांवर हल्लेही झाले आहेत. थंडीत सकाळी दहा-अकराच्या सुमाराला त्या ऊन खायला मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर येतात, तेव्हा दुर्बिणीतून दिसायची शक्यता सर्वांत जास्त. आम्हाला पलीकडच्या काठाजवळ एक दिसली. आधी ओंडका वाटला, मग ओंडक्याने जबडा उघडला. मामींनी त्यानंतर होडीची कड सोडली नाही. घाटावर फलक असेल तिथे तो मानायचा, नसेल तिथे गावकऱ्यांना विचारायचं. स्नान पायरीवर बसून तांब्याने करा, पुण्य काही कमी पडत नाही. पोरांना पाण्यात पाय सोडून बसू देऊ नका, विशेषतः संध्याकाळी. उन्हाळा मगरींच्या अंडी-पिलांचा, तेव्हा काठावरच्या झाडोऱ्यातही शिरू नये.

रात्री औदुंबरला राहायचं तर आधी फोन करून खोली सांगून ठेवा, सणावाराला ऐनवेळी मिळणं कठीण. साधी सोय चालत नसेल तर सांगलीत हॉटेलं आहेत, पण मग पहाटेचा प्रवास वाढतो. जेवणात कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत मिळालं तर दुसरं काही मागू नका.

दुसऱ्या दिवशी अंधारातच निघालो. पलूस, किर्लोस्करवाडी, कुंडल असा रस्ता. ऊस तोडणीच्या दिवसांत या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे निघालेले असतात, पुष्कळांना मागे दिवा नसतो, त्यात नदीकाठचं धुकं. घाई करून ओव्हरटेक करू नका. पोचायला उशीर झाला तर हरणं दहा मिनिटांनी दिसतील, एवढंच.

सागरेश्वरला आधी लागतो तो देवळांचा समूह. मुख्य शिवमंदिर आणि त्याच्याभोवती लहान-लहान देवळांची दाटी, चालुक्यकाळातली म्हणून सांगतात. श्रावणी सोमवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा एक गुरव झाडत होते आणि नंदीवर मोर बसला होता.

अभयारण्याबद्दल एक गोष्ट जाण्याआधी पोरांना सांगून ठेवावी: हे मूळचं रान नाही. हा डोंगर उजाड होता. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने इथे झाडं लागली, प्राणी आणून सोडले गेले, आणि १९८५ मध्ये अभयारण्य घोषित झालं. क्षेत्र जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर, भोवती कुंपण. यशवंतराव चव्हाणांचं नाव त्याला दिलं आहे. नाक मुरडणारे याला मोठं उद्यान म्हणतात. मला उलट वाटतं. घनदाट जंगल राखणं एक, आणि माळावर सांबर वावरेल असं रान उभं करणं वेगळं.

इथे चालायचंच. पहाटे पोचलं की पहिल्या वळणावरच चितळांचे कळप दिसतात. काळवीट हवं तर उघड्या गवताळ भागाकडे बघा. नर काळा-पांढरा, पिळाची शिंगं. माद्या पिवळसर तपकिरी. सांबर दाट सावलीत असतं, ते दिसण्याआधी त्याचा आवाज येतो. भेकर लाजाळू, नशीब असेल तर. आमच्याबरोबर वनखात्याचे एक मजूरकाका होते. भाऊ बोलत राहिला की ते थांबायचे, गप्प झाला की चालायचे. शेवटी भावाला समजलं. भाच्याने वाघाचं विचारलं तर म्हणाले, "वाघ बघायचा तर चांदोलीला जा. तिथं बी गवाच दिसंल." खरं आहे. चांदोली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं, पण तो वेगळा दिवस, वेगळा रस्ता. या सहलीत कोंबू नका.

वर महानगुंडच्या टोकावरून कृष्णेचं खोरं दिसतं, उसाचे हिरवे पट्टे आणि मधूनच धूर सोडणारी कारखान्याची चिमणी. याच उसात कुंपणातून सुटलेली हरणं शिरतात. खाली चहाला थांबलो तेव्हा एका शेतकऱ्याने सुनावलं, "तुमी फोटू काढता, आमी राखणीला जागतो." त्याचं ऐकून घेण्यासारखं होतं. हरणांना बिस्किटं, केळी देऊ नका. माणसाच्या हातचं खायची सवय लागली की ती आधी शेताकडेच वळतात.

काय न्यावं: भरपूर पाणी, कारण डोंगरावर बारमाही पाणी नाही. टोपी, दुर्बीण, मातकट रंगाचे कपडे, सुटे पैसे. प्रवेशाच्या वेळा आणि शुल्क आदल्या दिवशी विचारून घ्या. हिरवं रान हवं तर ऑक्टोबर ते जानेवारी. एप्रिल-मेमध्ये प्राणी पाणवठ्यावर हमखास येतात, पण नऊनंतर ऊन सोसवत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी वर चढू नये. मामी देवळाच्या ओट्यावर बसल्या आणि मोर सगळ्यांत जास्त त्यांनीच बघितले.

परतताना देवराष्ट्रे अगदी जवळ आहे. यशवंतरावांचा जन्म इथलाच, १२ मार्च १९१३ चा, आजोळच्या घरात. ते घर आता स्मारक म्हणून जपलं आहे, अर्धा तास पुरतो. कुंडल हे स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारचं गाव. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या या चळवळीबद्दल घरातल्या कुणाला आस्था असेल तर तिथे थांबा, नाहीतर थेट पुढे चला. जेवण पलूसला उरकून घ्या. आम्ही पुढे भिलवडीत भडंगाची पाकिटं घेतली आणि दुपारी अडीचला वाडीच्या रस्त्याला लागलो. संध्याकाळच्या आरतीला आरामात पोचता येतं.