अर्धा इंच, बारीक आटे

कोल्हापुरात बोल्ट मिळत नाही असं म्हटलं तर उद्यमनगरातलं कुणीही वेड्यात काढेल. ओतकामापासून शेवटच्या फिनिशिंगपर्यंत सगळं जिथं चार गल्ल्यांत होतं, तिथं बोल्टाची काय कथा! पण चुलत्यांची जुनी पिकअप उभी करायला घेतली आणि इंजिन, ब्रेक, पत्रा या सगळ्यांपेक्षा जास्त डोकं खाल्लं ते नटबोल्टांनी. इंजिनाचं किट एका फोनवर आलं. योग्य बोल्ट मात्र एकेक करून हुडकावा लागला.

गाडी महिंद्राची, 1980 च्या दशकातली. काकांनी तिच्यावर आयुष्यभर गुऱ्हाळावरून मार्केट यार्डात गुळाचे रवे वाहिले. नंतर ती गोठ्यामागं उभी राहिली ती राहिलीच. मी टर्नर. मशीनवर उभं राहून आयुष्य गेलं, म्हणून पुतण्या म्हणाला, "काका, तुम्हीच बघा आता." घेतली.

या गाड्यांची एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्यावी लागते. चासी आणि अ‍ॅक्सल अमेरिकेच्या विलिस जीपच्या घराण्यातले, म्हणजे इंचाचे. इंजिन पेजोचं डिझेल, फ्रान्सचं, म्हणजे मिलिमीटरचं. एकाच गाडीत दोन मापं नांदतात. त्यावर तीसचाळीस वर्षांत ज्या ज्या गॅरेजमध्ये ती गेली, तिथं हाताला लागला तो बोल्ट ठोकलेला. त्यामुळं शेजारच्या दोन भोकांत दोन जातींचे बोल्ट निघाले तरी मला आश्चर्य वाटेनासं झालं.

दुकानात जाऊन "तीन सूत बोल्ट द्या" म्हटलं की शेठ क्षणात काढून देतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा तीन सूत म्हणजे 3/8 इंच आणि चार सूत म्हणजे अर्धा इंच. पण हार्डवेअरच्या दुकानातला इंची बोल्ट बहुतेक वेळा विटवर्थ आट्याचा असतो. दारं, ग्रिल, शेड यांना लागणारा, जाड आट्याचा, मऊ लोखंडाचा. जीपच्या घराण्याला लागतो तो बारीक आट्याचा, यूएनएफ. 3/8 ला विटवर्थचे इंचात 16 आटे, यूएनएफचे 24. हे दोन एकमेकांत जातच नाहीत, त्यामुळं तिथं धोका नाही. धोका जाड आट्यांत आहे. 3/8 च्या यूएनसीला, म्हणजे अमेरिकन जाड आट्यालाही 16 आटे आणि विटवर्थलाही 16. फरक फक्त कोनाचा: विटवर्थचा आटा 55 अंशांचा, अमेरिकन 60 चा. नट गुमान चढतो, घट्टही होतो, पण आटा आट्याला पूर्ण टेकत नाही.

हा घोळ काही आपल्याकडचा नाही. विटवर्थनं इंग्लंडमध्ये 1841 साली आपली पद्धत मांडली, अमेरिकेत सेलर्सनं 1864 साली वेगळी. दुसऱ्या महायुद्धात एकाच बाजूनं लढणाऱ्या दोन देशांचे बोल्ट एकमेकांना बसेनात, तेव्हा कुठं 1948 साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडानं मिळून एक माप ठरवलं. यूएनसी आणि यूएनएफ ही त्याचीच नावं. आपल्याकडं मात्र विटवर्थ बाजारातून गेला नाही आणि मेट्रिकही आलं, त्यामुळं एकाच फळीवर तिन्ही डबे शेजारी शेजारी असतात.

आता ज्या बोल्टासाठी हे लिहायला बसलो, त्याकडं येतो.

माझ्या गाडीत स्टीअरिंग बॉक्सचं ब्रॅकेट चासीला धरणारे बोल्ट अर्धा इंच, 20 आट्यांचे. त्यातला एक सोडवताना पान्याला जोरच लागेना. गंजलेल्या गाडीत, बाकीचे बोल्ट डिझेल ओतून, गॅसनं तापवून निघत असताना, हा हातानं फिरला. बाहेर काढून व्यास मोजायला व्हर्नियर लावला तर 11.9 मिलिमीटर. म्हणजे एम 12. कुण्या गॅरेजवाल्यानं अर्ध्या इंचाच्या नटात बारा एमएमचा बोल्ट फिरवून ठेवला होता.

आणि तो फिरतो, हीच तर गोम आहे. इंचात 20 आटे म्हणजे एका आट्याला 1.27 मिलिमीटर. एम 12 चा बारीक आटा 1.25 चा. फरक दोन शतांश. आटे तपासायची दातेरी पट्टी, म्हणजे पिच गेज, लावला तरी दहा आट्यांवर 12.7 आणि 12.5 एवढाच फरक दिसतो, गंजलेल्या आट्यावर तोही नाही. पान्यावरूनही कळत नाही, कारण अर्ध्या इंचाच्या बोल्टाचं डोकं 3/4 इंच, म्हणजे 19.05 मिलिमीटर, आणि बाजारातल्या बऱ्याच एम 12 बोल्टांनाही 19 चाच पाना लागतो. आटा जुळतो, पाना जुळतो, नट शेवटपर्यंत जातो. फक्त बोल्ट पाऊण मिलिमीटर बारीक. हिशेब मांडला तर आट्याच्या उंचीचा जेमतेम एक तृतीयांश भाग एकमेकांत अडकलेला असतो. रवे भरून पन्हाळ्याच्या उतारावरून येताना त्या एक तृतीयांशावर स्टीअरिंग होतं. काका त्याच गाडीत बसायचे. तो बोल्ट हातात धरून मी बराच वेळ काही बोललो नाही.

म्हणून आता कुणी दुकानदार म्हणाला, "घ्या की ओ, बसतोय," तर मी त्याच्यासमोरच व्हर्नियर काढतो. आधी व्यास, मग आटे, हाच क्रम ठेवा. अर्ध्या इंचाच्या बोल्टाचा व्यास 12.6 च्या आसपास येतो, एम 12 चा 12 च्या आत. एवढं एक माप घेतलं तरी सगळ्यात घातक चूक टळते. 5/16 आणि एम 8 चंही असंच जवळचं नातं, 7.94 आणि 8, पण तिथं आट्यांत फरक पडतो आणि एकदोन फेऱ्यांत बोल्ट अडकतो. अडकला की पान्याला पाइप लावून पुढं रेटणारे लोक आहेत. त्यांच्या हाती गाडी देऊ नका.

जात जुळली की ताकद बघायची. इंची बोल्टाच्या डोक्यावर रेघा असतात: काही नसेल तर मऊ, तीन असतील तर ग्रेड 5, सहा असतील तर ग्रेड 8. मेट्रिकवर आकडे असतात. 8.8 म्हणजे तुटायला एका चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन, आणि त्याच्या 80 टक्के ताणापर्यंत बोल्ट कायमचा लांबत नाही. ग्रेड 5 साधारण 8.8 च्या तोडीचा, ग्रेड 8 साधारण 10.9 च्या. डोकं कोरं असलेला बोल्ट मी हौद्याच्या फळ्यांना लावला, चासीला एकही नाही.

शेठ कितीही सांगोत, स्टेनलेस हा सगळ्यावरचा उपाय नव्हे. गंजत नाही हे खरं, दिसायलाही देखणा. पण नेहमीचा ए2-70 स्टेनलेस 700 न्यूटनचा, म्हणजे 8.8 पेक्षा कमी, आणि कोरडा आवळला तर स्वतःच्याच नटात चिकटून बसतो. तसंच जास्त ताकदीचे बोल्ट चकाचक दिसावेत म्हणून झिंक करायला कोपऱ्यावरच्या प्लेटिंगवाल्याकडं टाकू नयेत. ॲसिडच्या धुण्यात आणि प्लेटिंगमध्ये हायड्रोजन पोलादात शिरतो. तो घालवायला लगेच साधारण 200 अंशांवर काही तास भाजावं लागतं. ते केलं नाही तर आवळून ठेवलेला बोल्ट कधीतरी आपोआप, काचेसारखा तुटतो. काळे बोल्ट घ्यावेत, ग्रीस आणि रंग लावावा, दरवर्षी बघावं.

एक गोष्ट दुकानात कुणी विचारत नाही: मानेखाली गुळगुळीत भाग किती? पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) शॅकलमध्ये, म्हणजे पाटे चासीला जोडणाऱ्या कडीत, ब्रॅकेटमध्ये, जिथं बोल्टावर आडवा भार येतो, तिथं दोन पट्ट्यांच्या सांध्यात गुळगुळीत दांडा यायला हवा. तिथं आटे आले तर बोल्ट आधीच खाच पाडून ठेवल्यासारखा कमजोर होतो, शिवाय आटे भोक खात जातात. पूर्ण आट्याचा बोल्ट सहज मिळतो म्हणून लोक तोच लावतात. मी लांब बोल्ट घेतले, हवा तेवढा दांडा मोजला आणि टोकाकडचे जास्तीचे आटे कापून टाकले.

मिळाले कुठं? तर ट्रॅक्टरच्या दुकानात. हे मला उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी सांगितलं. "पोरा, गाडीच्या दुकानात काय हिंडतोस? मॅसीचा बोल्ट माग." बरोबर होतं त्यांचं. मॅसी फर्ग्युसन आणि जुन्या महिंद्रा बी-275 या ट्रॅक्टरांत यूएनएफ आणि यूएनसी भरपूर आहेत, आणि ते ट्रॅक्टर अजून शेतात चालतात, त्यामुळं तालुक्याच्या गावातला स्पेअर पार्टवाला हे बोल्ट ठेवतो. खाकी पाकिटांत, तेल लावलेले, डोक्यावर कंपनीची खूण आणि रेघा स्पष्ट. 3/8 आणि 7/16 चे बहुतेक सगळे तिथंच भेटले. उरलेल्यांसाठी मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर गेलो. तिथं माप नीट सांगता आलं तर माणसं जिना चढून माळ्यावरून डबा काढून आणतात. "जुन्या जीपचा बोल्ट" म्हटलं तर कुणी मान वर करत नाही.

तू टर्नर आहेस, मग स्वतः का केले नाहीस, असं बरेच जण विचारतात. काही केले. हौद्याच्या फाळक्याच्या बिजागऱ्यांच्या पिना, बॉडीखालच्या रबरी पॅडचे लांब बोल्ट, पाट्यांवर बसणारे स्पेसर. इंची लीड स्क्रूच्या लेथवर 20 आटे पाडणं हे काही मोठं काम नाही. पण स्टीअरिंग, ब्रेक, प्रोपेलर शाफ्ट आणि चाकं यांचे बोल्ट मी केले नाहीत आणि कुणाकडून करूनही घेतले नाहीत. कारखान्यात आटा दाबून वळवतात, कापत नाहीत. दाबलेल्या आट्यात पोलादाचे तंतू तुटत नाहीत, त्यामुळं सतत हादरे खाऊन तो थकतो कमी. त्यात इएन-8 या पोलादाचा साधा बार आणून लेथवर बोल्ट केला की त्याला 8.8 ची ताकद येत नाही, डोक्यावर काहीही कोरा. "मजबूत करून देतो" म्हणणारे माझे व्यवसायबंधू आहेत, त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे, तरीही सांगतो.

जुना बोल्ट कितीही सडलेला असो, फेकू नका. प्रत्येक जागेचा एक तरी नमुना नटासकट पिशवीत घालून वर चिठ्ठी लावा. आमच्या पुतण्यानं एका दुपारी उत्साहात सगळे एका घमेल्यात टाकले होते. मग आम्ही दोघं ओसरीवर बसून, प्रत्येकाचा दांडा, आटे आणि गंजाची रेघ बघत ते परत जागेवर लावले. गंज नीट बघितला की पट्टी कुठं संपत होती ते दिसतं, आणि बोल्टाची लांबी बरोबर होती की नाही हेही. पोरगं त्या दुपारी आटे वाचायला शिकलं. आता दुकानात तोच व्हर्नियर काढतो.

सगळ्यात शेवटी चाकं झाली. विलिसच्या घराण्यात चाकांचे स्टड अर्धा इंच, 20 आट्यांचेच, पण डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे, म्हणजे सोडवायचे तर उजवीकडं फिरवायचं. स्टडच्या टोकावर इंग्रजी एल कोरलेला असतो. आमच्या डाव्या बाजूला कुणीतरी उलटं जोर लावून दोन स्टड मुळापासून तोडले होते आणि त्या जागी वेल्डिंग केलं होतं. ते हब कापून साफ केले, स्टड नवे दाबले, नट उलट्या आट्याचेच घेतले. उजव्या आट्याचे सगळीकडं बसवून टाका असं सांगणारे भेटले, पण गाडी जशी होती तशीच हवी होती. डाव्या मडगार्डच्या आतल्या बाजूला, पंक्चरवाल्या पोराच्या डोळ्यांसमोर येईल अशा जागी, पुतण्यानं पिवळ्या रंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलंय: उलटे आटे, उजवीकडं सोडा.